दहापैकी चार

मी एक जुनी जॉयस्टिक आहे. मित्रांनो, माझं लाल बटण कधीच निघून गेलंय आणि त्या जागी शर्टाचं बटण चिकटवलंय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

बुधवार पेठेत सिराजभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान. मी तिथे नवीकोरी आले आणि त्यांच्या मुलीच्या, रझियाच्या हाती पडले. रझिया एका मासिकात गेमची परीक्षणं लिहायची. गेम तीनदा पूर्ण खेळल्याशिवाय तिने कधी एक ओळ लिहिली नाही. माझी बटणं झिजली ती त्यापायी, आणि मला त्याचा अभिमान आहे. संपादक मात्र नाव छापायचे 'र. सिराज'. वाचकांची पत्रं यायची, 'सिराजसाहेब, काय लिहिता!' साहेब म्हणे! मला भारी चीड यायची.

मग तो मारामारीचा गेम आला. निवडायला बारा लढवय्ये. त्यांत बाई एकच, आणि तीही लढायचं सोडून नुसती किंचाळायची. आपल्या देशाचा एक गडी होता, तर त्याच्या हातात पुंगी! रझियाने दहापैकी चार गुण दिले.

संपादक गोपाळकृष्ण तणतणत दुकानात आले. "अहो, मागच्या पानावर याच गेमची जाहिरात आहे. आठ करा. आणि गेममधल्या बायका कशाला मोजता?"

"आपण खेळलात का?" रझियाने विचारलं.

"मला कुठे वेळ?"

"मग चारच. आणि खाली माझं पूर्ण नाव."

"तसं छापणार नाही. पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी लिहील."

ते सदर म्हणजे तिचा जीव होता. संपादक निघून गेले तरी तिने मला मुठीत आवळून धरलं होतं. काउंटरवर त्याच गेमच्या सीडींचा गठ्ठा विकायला ठेवलेला. सिराजभाईंनी परीक्षण वाचलं आणि कागद दुकानाच्या काचेवर चिकटवला, बरोब्बर त्या गठ्ठ्यासमोर.

"अब्बा, मग सीडी कोण घेईल?"

"वाचून घेतील. नाही तर नाही घेणार."

तेव्हापासून दर महिन्याला काचेवर रझियाच्या परीक्षणाचा नवा कागद लागायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, "मुलींना यातलं काय कळतं? खरं कुणी लिहिलंय?"

सिराजभाईंनी मानही वर केली नाही. "खाली नाव आहे. वाचता येतं ना?"

मित्रांनो, माझी धूळ पुसा म्हणून मी गळा काढणार नाही. जपायचाच असेल तर तो पिवळा पडलेला पहिला कागद जपा. त्यातला एक गुणही वाढवू नका. दहापैकी चार. आणि खाली, ठळक अक्षरांत, रझिया सिराज तांबोळी.