आबाचा डावा हात

लकव्यानं आबाचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, पण डावा हात शाबूत व्हता. त्याच हातानं त्यानं आईच्या थोबाडात हाणली. जल्मात मेंढरावर काठी न उगारलेला माझा बाप, मुंजाबा, भर दवाखान्यात बायकोला मारतोय! एक स्वतःच्या पोटावर, पुन्हा एक तिला.

"डोक्यात गेलंय ह्याच्या," आई नाकातलं रगत पुसत म्हणली. "बांधा त्याला." मी अन् माझा थोरला भाऊ अंगदनं आबाच्याच पटक्यानं त्याचा हात खाटंला आवळला.

आमच्या पडेगावात कुणाचं मेंढरू फुगलं की अंगदला हाक येती. पोट रगडून वारं काढावं तर त्यानंच. आबाचं फुगलेलं पोट बघून म्हणला, "वारं धरलंय, सत्यशीले. नर्सबाईला कशाला सांगायचं?" तेल चोळून दोन्ही मुठींनी रगडायला लागला. आबा हंबरला. अंगद त्याचं तोंड दाबायला गेला तसा आबानं मान उचलून त्याच्या मनगटाचा लचकाच तोडला. अंगदनं त्याच्या कानफटात ठेवून दिली. मुडदा बसवला त्या अंगदचा, जल्मदात्या बापाला मारलं! मी किंचाळले तशी डॉक्टरीण पळत आली.

तिनं पोटाला हात लावला अन् तिचा चेहराच उतरला. तपासणी करून आणल्यावर म्हणली, "हृदयातली रक्ताची गाठ मेंदूत गेली म्हणून लकवा झाला. तशीच दुसरी गाठ आता आतड्याच्या नसेत अडकलीय. आतडं सडतंय. आत्ताच पोट उघडावं लागेल."

"डोक्याच्या दुखण्याचं माणूस आणलं, पोट कशाला फाडता?" अंगदनं तिची गचांडी धरली. दुसऱ्या मुठीनं दाराची काच फोडली. फरशीवर रगताचा सडा! मी सलाईनचा लोखंडी दांडा उचलून त्याच्या पाठीत घातला अन् ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

त्यांनी पोट उघडलं अन् तसंच शिवलं. आतडं सगळं काळं पडलेलं. कापून वाचवावं असं काही उरलंच नव्हतं. आबा आता थोड्याच वेळाचा सोबती, असं डॉक्टरीण म्हणली.

आईनं एवढंच इचारलं, "त्याला दुखत व्हतं का?"

"खूप, मावशी. बोलता येत नव्हतं ना, म्हणून हातानं सांगत होते."

आईनं चप्पल काढली अन् अंगदच्या तोंडावर हाणत सुटली. तो जागचा हलला नाय. मग चप्पल फेकून स्वतःच्याच थोबाडात मारायला लागली, "बांधा म्हणले गं मी! मीच म्हणले!" मी तिचे हात धरायला धावले अन् मधीच थांबले. कुणाचाबी हात धरायचं आता मला भ्या वाटत व्हतं.