महाराजांचा चष्मा

सलमाच्या अब्बांनी, निसार पेंटरनी, विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगसाठी एका छोट्या संस्थानाच्या दिवंगत महाराजांचं तैलचित्र रंगवलं होतं. ते भिंतीवर चढलं की कोल्हापुरात अब्बांचं नाव होणार होतं. पण अनावरणाला तासभर उरला असताना बोर्डिंगचे अध्यक्ष रुद्राप्पा भडकले.

"महाराजांना चष्मा? एका तरी फोटोत हाय काय ओ?"

"फोटोपुरता काढायचे की, काका!" सलमा ठणकावून बोलली. "फोटोत नाकावरचे वळ मीच दाखवले अब्बांना."

"गप गं! उद्यापासून पोरं ह्येच महाराज म्हणून बघणार. राजा मास्तरासारखा दिसून चालंल व्हय? पुसा, न्हायतर चित्र घरी न्या!"

अब्बांनी रंग पुसायचा टर्पेंटाइनचा बोळा उचलला.

अब्बांनी आपलीच रंगलेली बोटं पुसली आणि चित्र खांद्यावर घेतलं. "चल बेटा, दार उघड."