मला पडदा बघायचाय

आमच्या सासऱ्यांनी घरात एक पद्धत घालून दिली होती. काहीही ठरवायचं झालं की जेवणाच्या टेबलाभोवती बसायचं आणि हात वर करायचे. जिकडे हात जास्त, तसं करायचं, आणि नंतर कुणी कुरकुर करायची नाही. सासरे गेले, पद्धत राहिली. ऐकायला किती छान वाटतं! पण टेबलाशी नवरा, त्याचा थोरला भाऊ आणि नणंद ही तिघं सख्खी भावंडं. जाऊबाई माझ्यासारख्याच बाहेरून आलेल्या, पण त्यांनी आपला हात लग्नातच थोरल्या दिरांकडे गहाण टाकलेला. उरले मी. माझा हात वर गेला काय आणि खाली राहिला काय, कुणाला फरक पडत नव्हता.

यंदा क्रूझला जायचं ठरलं तेही असंच हात वर करून. जहाज मोठ्या शहराच्या बंदरातून दुपारी सुटणार होतं. "आदल्या दिवशी सकाळीच पोचू या, म्हणजे शहरही बघून होईल," ही कल्पना नणंदेची. गाडीची तिकिटं, हॉटेल, जहाजाची कागदपत्रं, सगळ्यांच्या औषधांच्या पिशव्या, हे अर्थातच माझ्याकडे आलं. त्यासाठी मात्र मत घ्यावं असं कुणाला सुचलं नाही.

तर त्या एका दिवसात काय काय बघायचं, यासाठी बैठक बसली. थोरले दीर निवृत्त मुख्याध्यापक. आम्ही सगळे त्यांना पाठीमागे हेडमास्तरच म्हणतो. ते वरच्या मजल्यावरून आपला छोटा फळा घेऊन खाली आले. हो, त्यांच्या घरात अजून फळा आहे.

"पहिला तास, राजवाडा," ते लिहीत लिहीत म्हणाले. "दुसरा तास, वस्तुसंग्रहालय. मग मधली सुट्टी. दुपारी मनोरा. संध्याकाळी नदीवर दिव्यांची बोट."

"बोट?" मी म्हटलं. "अहो भाऊजी, दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर पाण्यावरच राहायचंय ना आपल्याला? मग आदल्या संध्याकाळी आणखी एक बोट कशाला?"

"ती नदी आहे, हा समुद्र आहे," हेडमास्तर म्हणाले. भूगोल संपला.

"मग संध्याकाळी तुम्ही बोटीत जा नाहीतर होडीत जा. मला मोठ्या नाट्यगृहात जायचंय."

"नाटक काय, इथंही बघता येतं," नवरा म्हणाला.

"मला नाटक नाही बघायचं. मला पडदा बघायचाय."

सगळे इतके हसले की नणंदेला ठसका लागला. हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "पडदा बघायला एवढ्या लांब? घरात काय कमी पडदे आहेत?"

आता हे हसणं मी गिळायला हवं होतं, पण नाही गिळता आलं. मी जन्मभर पडदे शिवले. इस्पितळांचे, सभागृहांचे, नको त्या साहेबांच्या बंगल्यांचे. त्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदाही आमच्याच कारखान्यात शिवला होता. गडद लाल मखमल, इतकी जड की मशीनखाली सरकवायला दोघी लागायच्या. एवढा पडदा पसरायला कारखान्यात जागाच नव्हती. म्हणून एक पट्टा शिवायचा, आधीच्या पट्ट्याला जोडायचा, झालेला भाग गुंडाळून पलीकडे सरकवायचा, की पुढचा घ्यायचा. महिनोन् महिने आम्ही बायकांनी तो शिवला, आणि आमच्यातल्या एकीनंही तो अख्खा पाहिला नाही. शेवटी दोन भल्यामोठ्या गुंडाळ्या ट्रकवर चढल्या आणि गेल्या. लेक सासरी पाठवावी आणि तिचं घर कधी बघूच नये, तसं झालं.

आणि आता तो उतरवणार होते. माझ्या शेजारच्या मशीनवर एक बसायची, ओठांत कायम टाचण्या धरून, म्हणून तिचं नावच टाचणी पडलं होतं. तिनं फोन करून सांगितलं होतं, "नाट्यगृह दुरुस्तीला बंद होतंय. आग न धरणारा नवा पडदा येणार म्हणे. माझे गुडघे मला कुठं जाऊ देतात? तू जातेयस तर बघून ये गं. माझ्या वाटचाही बघ."

हे सगळं मी टेबलाशी सांगितलं. नवरा काय म्हणाला? म्हणाला, "जन्मभर शिवलंस ना? मग आता त्यात बघायचं काय?"

हा माणूस वीज कंपनीत मीटर वाचायला होता. रस्त्यानं जाताना अजून दर दुसऱ्या इमारतीकडे बोट दाखवून "इथलं मीटर मी वाचायचो" असं पाहुण्यांना सांगतो. पाहुणेही बिचारे थांबून बघतात. आजवर मी एकदाही विचारलं नाही, की अहो, त्यात बघायचं काय?

चहा करायला उठले तर जाऊबाई मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. कपबशा विसळता विसळता हळूच म्हणाल्या, "मला पण बोट नकोय गं. मला बोट लागते. तू म्हण नाट्यगृह, मी तुझ्या बाजूनं हात वर करते."

"नक्की?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की."

माझा जीव भांड्यात पडला. जाऊबाई फिरल्या तर नणंदही फिरेल, असं मला वाटलं. चहा झाला. हेडमास्तरांनी विचारलं, "नाट्यगृह?" मी हात वर केला. जाऊबाईंचा हातही उठला, खांद्यापर्यंत आला, हेडमास्तरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो हात तिथून वळून अंबाड्यातली पिन चाचपायला गेला.

"बोट?" चार हात वर. जाऊबाईंचा सगळ्यात उंच.

खडूनं फळ्यावर "बोट" या शब्दाखाली रेघ ओढली गेली. मी जाऊबाईंकडे बघत राहिले. त्या माझ्याकडे सोडून घरभर बघत होत्या. मला हरल्याचं एवढं वाटलं नाही, सवय आहे. पण संताप आला तो नवऱ्याचा. हात वर करताना त्यानं एक जांभई दिली. माझ्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या कामावर त्यानं मत दिलं, ते जांभई देत!

मी कुरकुर न करता कपबशा उचलल्या. घरात सगळ्यांना वाटलं, पद्धत पाळली. मी गुपचूप एक तिकीट काढलं. एकच.

शहरात पोचलो. राजवाडा झाला, संग्रहालय झालं, मनोऱ्यावर जाऊन नणंदेनं आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले फोटो काढले. संध्याकाळी हॉटेलच्या दारात सगळे बोटीसाठी जमले तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही निघा. मी नाट्यगृहात चाललेय."

"आपण मत घेतलं होतं," हेडमास्तर म्हणाले. एवढ्या वर्षांत ही पद्धत कुणी मोडलीच नव्हती.

"घेतलं होतं ना. हात तुमच्याकडे जास्त होते. पाय माझे आहेत."

"अगं, एकटी कशी जाशील?" नवरा म्हणाला.

"जशी एकटी मत देते, तशी."

मी रिक्षा केली आणि मागं वळून पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, कोपऱ्यावर एकदा पाहिलं. नवरा तिथंच उभा होता आणि हेडमास्तर त्याची बाही ओढत होते.

नाट्यगृहाच्या दारातच फोन वाजला. नणंद होती. मागे बोटीचं इंजिन आणि कुणाचं तरी ओकणं ऐकू येत होतं. "वहिनी, मळमळीच्या गोळ्या कुठे ठेवल्यात तुम्ही? थोरल्या वहिनींचं आणि दादाचं काही खरं नाही!"

"माझ्या पर्समध्ये," मी म्हटलं, आणि फोन बंद केला. सांगायला लाज वाटत नाही, मला बरं वाटलं.

आत गेले आणि थबकले.

तो समोर होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वर अंधारात कुठं संपत होता ते दिसत नव्हतं. खालून दिवे पडले होते आणि मखमल आतून ऊब असल्यासारखी लाल दिसत होती. मी तो मांडीवर घेतला होता, हातानं ओढला होता, त्यावर डोकं टेकून डुलक्याही काढल्या होत्या. हा एवढा होता हे मला माहीतच नव्हतं.

आणि लोक? लोक त्याच्याकडे पाठ करून उभे होते. खात होते, मोबाइलवर बोलत होते, खुर्च्यांचे नंबर शोधत भांडत होते. एकानंही वर पाहिलं नाही. मला सगळ्यांची मानगूट धरून वळवावंसं वाटलं. अरे बघा ना! उद्या-परवा उतरवणार आहेत!

मी थेट पुढं गेले आणि पडद्याच्या काठाला हात लावला. दारावरचा माणूस धावत आला. "ओ काकू, हात नका लावू!"

"हात नका लावू? हात लावल्याशिवाय हा झाला होता का? आम्ही शिवलाय हा!"

तो वरपासून खालपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगता? यातला तुमचा भाग कुठला?"

मी शोधू लागले. इकडून तिकडे, वरून खाली. एक पट्टा माझा, एक टाचणीचा, पुढचा आणखी कुणाचा, कितीतरी होते. पण एकही शिवण दिसेना. आम्ही जोडच असे केले होते, की दिसूच नयेत. रागानं आले होते मी, आता डोळे भरून आले. कुणाकुणाचा पट्टा म्हणून दाखवू?

"सगळाच," मी म्हटलं.

तिसरी घंटा झाली. त्यानं मला माझ्या खुर्चीपर्यंत आणून सोडलं. अंधार झाला, पडदा मधोमध फाकला आणि लाटेसारखा दोन्हीकडे सरकत गेला. अख्ख्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्या नटांसाठी होत्या, की नेपथ्यासाठी, मी कुणाला विचारलं नाही. मी उभी राहिले आणि त्या घेतल्या. टाचणीच्याही.