सव्वा वर्षाचा माणूस

"पण हे पत्र तरी बघा," म्हणत कवळीवाल्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून कागद काढून टेबलावर सरकवला. "एक पैसा बाकी नाही, असं क्रेडिट कार्डवाल्यांनीच लिहून दिलंय. शिक्क्यासकट."

बँकेच्या कर्ज विभागातल्या बाईंनी पत्र नीट वाचलं. वाईट नव्हत्या बाई. वाईट असत्या तर निदान भांडता आलं असतं.

"काका, कार्ड बंद केलंत तिथेच घोळ झाला. बंद खातं काही वर्षं नोंदीत दिसतं, मग निघून जातं. तुमचं गेल्या महिन्यात निघालं. आता उरलंय ते फ्रिज घेताना दुकानात काढलेलं कर्ज. त्याला झालं सव्वा वर्ष."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची क्रेडिट हिस्टरी, कर्ज फेडल्याची नोंद, सव्वा वर्षाची. एवढ्या कर्जाला आमच्याकडे निदान पाच वर्षं लागतात."

"अहो, एकवीस वर्षं वापरलं मी ते! एकदासुद्धा तारीख चुकवली नाही."

"मी मानते हो. पण मला इथे दिसायला हवं ना? नोंद निघून गेली."

एकतीस वर्षं एकाच कारखान्यात लोकांच्या कवळ्या घडवणाऱ्या माणसाला कोणी एवढं बिनदाताचं केलं नव्हतं. म्हातारे मालक कारखाना त्यांनाच विकायला तयार होते, पण या महिनाअखेरपर्यंतच. पुढे एक मोठी कंपनी टपूनच बसली होती.

आणि कार्ड बंद करायला त्यांना कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी त्यांनी मोठ्या दिमाखात कात्रीनं त्याचे चार तुकडे केले होते. "असू दे की पडून, खायला मागतंय का?" असं बायको म्हणाली, तर तिलाच ऐकवलं, "संपलेल्या गोष्टीनं जागा कशाला अडवायची?" हे कोण म्हणत होतं, तर ज्यानं तीस-तीस वर्षांपूर्वीच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे फळ्यांवर जपून ठेवले होते! कवळी मोडली तर साचा हाताशी असावा म्हणून. मेलेल्यांचेसुद्धा टाकवत नव्हते त्यांना.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. बायकोनं पत्राची घडी घालून ते कपाटात ठेवलं.

"बोल की," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं, असं म्हण एकदा."

"म्हणून काय ते कार्ड चिकटणार आहे?" ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

कारखाना कंपनीनं घेतला. कवळीवाल्यांना पगारावर ठेवलं, त्यांच्याच टेबलाशी, त्यांच्याच खुर्चीत. नव्या मॅनेजरनं पहिल्याच दिवशी फळ्यांकडे बोट दाखवलं.

"पाच वर्षांपेक्षा जुने साचे काढून टाका. संपलेल्या कामांनी जागा कशाला अडवायची?"

आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून आले होते. अकरा पोती भरली. ती त्यांनी स्वतः खाली नेली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

त्याच आठवड्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. रुमालात कवळीचे तुकडे होते.

"हातातून पडली हो. पण तुमच्याकडे माझा साचा असेलच. तुम्हीच म्हणाला होतात, 'बाई, तुम्ही मेलात तरी ठेवीन.'"

कवळीवाल्यांनी फळीकडे बघितलंसुद्धा नाही.

"नोंद निघून गेली, बाई."

"म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा माप द्यावं लागेल."

त्यांनी हात धुतले, लगदा कालवला आणि बाईंच्या हनुवटीखाली अलगद हात धरला. जबड्याचा डावा कोपरा दुखरा आहे हे त्यांना सांगावं लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्या मापात ओतलेला प्लॅस्टरचा साचा वाळला. सवयीनं त्यांनी सुईनं तळाशी आजची तारीख कोरली आणि तो रिकाम्या फळीवर एकटाच ठेवला.