वऱ्हाडाची बस आणि कार्बमुक्तीचं तीर्थ

सकाळी साडेसातला दहिसरच्या सागरकिरण सोसायटीच्या फाटकात चाळीस माणसं एका पावाकडे श्वास रोखून बघत होती. पाव साधाच, कोपऱ्यावरच्या बेकरीतला. तो ग्लासभर पाण्यात कुस्करून स्टुलावर ठेवला होता. मागे कुडाळला निघालेली वऱ्हाडाची बस कधीची घुरघुरत होती, पण आत बसायला कोणी तयार नव्हतं.

"बघा माउली, नीट बघा," असं म्हणत चंद्रप्रकाशजींनी तपकिरी बाटलीतले तीन थेंब ग्लासात सोडले. पावाचं पाणी बघता बघता काळंनिळं झालं. बायकांनी तोंडाला पदर लावला.

"हा तुमचा कार्ब, पाव-भातातला. एरवी दिसत नाही, पण पोटात असाच काळा होऊन बसलेला असतो. आता तीर्थ." त्यांनी पांढऱ्या बाटलीतलं चमचाभर पाणी ग्लासात ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि ढवळलं. काळं पाणी पुन्हा पांढुरकं झालं. "गेला. कुठे गेला? विश्वात विलीन झाला. आता हा पाव खा, नाहीतर काकडी खा, शरीराला दोन्ही सारखंच."

टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या शकुकाकीने. तिची बाजूही आधी ऐकून घ्यायला हवी.

काकीचा उजवा गुडघा कामातून गेला होता. दुसऱ्या मजल्यावरून खाली यायचं तर ती कठड्याला धरून, एकेका पायरीला एकेका देवाचं नाव घेत उतरायची. ऑपरेशन करायचं, पण साखर आटोक्यात आल्याशिवाय नाही, असं डॉक्टर श्वेताने बजावलं होतं. म्हणून तीन महिने काकी डॉक्टरच्या देखरेखीखाली कीटो करत होती. मालवणी बाईने तीन महिने भाताशिवाय काढणं म्हणजे काय, ते मालवणी माणसालाच विचारावं. अंडी, पनीर, मासे, पुन्हा अंडी. साखर उतरली होती आणि ऑपरेशनची तारीख मिळाली होती, लग्नाहून आल्यावर आठ दिवसांनंतरची. "पण प्रवासात घसरलात तर तारीख विसरा," असंही डॉक्टर म्हणाली होती.

आणि प्रवास कुठला, तर थेट माहेरच्या गावाला. शेजारच्या सुबोधचं लग्न कुडाळात, मुलीचं घर काकीच्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर. तिथे पाच दिवस घावन, वडे, तांदळाची भाकरी, आणि वर वहिनीचा आग्रह. काकीने पिशवीत उकडलेली अंडी, खोबरं आणि सुकटाची चटणी भरून घेतली होती. त्या चटणीच्या वासाने ड्रायव्हरने दोनदा मागे वळून पाहिलं होतं. पण मनातून तिला ठाऊक होतं, घावन समोर आलं की अंडं कोणाला आठवणार?

अशा वेळी सुबोधचा थोरला भाऊ हर्षद या चंद्रप्रकाशजींना घेऊन आला. भावाच्या लग्नासाठी हर्षदने पोट कमी केलं होतं आणि त्याच्या नादाने सोसायटीतल्या चौदा जणांनी कीटो धरलं होतं. चंद्रप्रकाशजी पूर्वी मालाडला मोबाइलची कव्हरं विकायचे, मग बारीक व्हायचा चहा विकू लागले. आता त्यांच्या अंगात पांढरा ट्रॅकसूट होता, गळ्यात रुद्राक्ष आणि मनगटावर स्मार्ट घड्याळ.

"शरीर म्हणजे हायवे, माउली," ते सांगत होते. "स्वादुपिंड म्हणजे आपला दहिसरचा टोलनाका. कार्बच्या गाड्या आल्या की तिथे ट्रॅफिक होणार. तीर्थ म्हणजे फास्टॅग. गाडी थांबतच नाही, थेट पार."

"पण पार होऊन जाते कुठे?" कोणीतरी विचारलं.

"क्वांटममध्ये," ते म्हणाले. दोघातिघांनी माना डोलावल्या.

काकीने काल संध्याकाळीच चार बाटल्या घेऊन ठेवल्या होत्या. "तीर्थासोबत गोळ्या नकोत, शक्ती एकमेकांना छेदतात," असं चंद्रप्रकाशजींनी सांगितल्यामुळे तिने साखरेच्या गोळ्यांचा डबा पिशवीतून काढून फ्रीजवर ठेवला होता. जागाही झाली. नवऱ्याला मात्र हे सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा दादू बसच्या पुढच्या काचेशी उभा होता. गिरणी बंद होईपर्यंत तो सायझिंग खात्यात होता. ताण्याच्या सुतावर खळ चढवायची, हेच त्याचं काम. घरात सेलोटेप असली तरी कागद चिकटवायला तो अजून मैद्याची खळ शिजवायचा. आताही बादलीत खळ घेऊन 'सुबोध आणि दिशा, शुभविवाह' हा कागद काचेवर लावायच्या तयारीत तो होता. तेवढ्यात त्याचं नाक फुरफुरलं. ब्रश बादलीत टाकून तो गर्दीत शिरला.

"ह्यो वास माझ्या वळखीचो आसा," तो म्हणाला.

"अहो, गप रवा," काकी कुजबुजली. "चार माणसांत शोभा नको."

दादूने तपकिरी बाटली उचलून हुंगली. "महाराज, हां आयोडीन. कापडावरची खळ धुवून गेली की नाय, ता बघूक आमी ह्याचो थेंब टाकू. खळ शिल्लक रवली तर काळा पडता. पिठाक आयोडीन लागला की काळा होताच. त्यात तुमचा काय?"

"काका, काळं निसर्ग करतो. ते घालवतो आम्ही," चंद्रप्रकाशजी हसून म्हणाले.

दादूने मान डोलावली. दुसऱ्या ग्लासात दुसरा पाव कुस्करला, आयोडीन टाकलं, काळं केलं. मग वाकून बसच्या पुढच्या चाकाखाली हात घातला. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून हर्षदच्या आईने तिथे लिंबू ठेवलं होतं. ते त्याने धोतराला पुसलं, कापलं आणि ग्लासात पिळलं. काळं पाणी पांढुरकं झालं.



"आयोडीनचो डाग पडलो की जॉबर, आमचो मुकादम, शिव्या घाली. मगे आमी लिंबू चोळू," दादू म्हणाला. "लिंबात असता ता व्हिटामिन. तुमच्या बाटलीत तीच गोळी इरघळलेली आसा, चाखून बघा. रंग जाता. पाव खय जातलो? पाव हयच आसा."

"हे रसायन झालं. आमच्या तीर्थाने कार्ब मुळातून जातो."

"जाता? मगे तुमच्या ग्लासात परत आयोडीन टाका."

चंद्रप्रकाशजींनी आपल्या मघाच्या ग्लासात एक थेंब टाकला. पाणी पांढरंच. दोन, तीन, चार. तरी पांढरंच. त्यांनी गर्दीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"तीर्थ अजून शिल्लक आसा, ता आयोडीन खाता. थांबा नको, टाका," दादू म्हणाला.

सातव्या थेंबाला कडेने निळसर झाक आली. नवव्याला ग्लास डांबरासारखा काळा झाला. विश्वात विलीन झालेला कार्ब भलताच लवकर परत आला होता.

"भावना कमी पडली," चंद्रप्रकाशजी म्हणाले. "संशयी माणूस जवळ असला की असं होतं."

"बरा. मगे ह्या घ्या." दादूने काकीच्या पिशवीतून एक अख्खी बाटली काढली आणि खळीच्या बादलीत रिकामी केली. "ही मैद्याची खळ. मैद्यातलो कार्ब गेलो तर चिकटतला काय? कायच नाय. मंत्र तुमीच म्हणा, भावनेन म्हणा."

मंत्र झाला. दादूने ब्रश फिरवला आणि शुभविवाहाचा कागद काचेवर दाबला. मग चाळीस माणसं कागद पडायची वाट बघत उभी राहिली. हर्षदने घड्याळ लावलं. ड्रायव्हरने वायपर चालवला, बस थोडी पुढे घेऊन कचकन ब्रेक मारला. चंद्रप्रकाशजींनी सहज म्हणून एक कोपरा नखाने उचकटून पाहिला, तर त्यांचंच बोट चिकटलं. कागद तसूभर हलला नाही.

पहिल्यांदा ड्रायव्हर हसला. मग कोणालाच आवरेना. चंद्रप्रकाशजींना मालाडला आपलं एक शिबिर असल्याचं एकाएकी आठवलं आणि ते पांढऱ्या ट्रॅकसूटला बोट पुसत रिक्षात बसले.

शकुकाकी मात्र हसली नाही. ती बसच्या पायरीवर बसून राहिली. तिला राग चंद्रप्रकाशजींचा आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. तिने खरं तर ओळखलं होतं, निदान ओळखायला हवं होतं. पण तिला घावन हवं होतं, आणि हव्या असलेल्या गोष्टीला माणूस पुरावा मागत नाही.

"गो शकु," दादू जवळ येऊन हळूच म्हणाला, "पिशयेत गोळ्यो दिसाक नाय."

"फ्रीजवर," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाच दिवस मी भात खाल्ला असता हो. गोळ्यांशिवाय. आणि येऊन डॉक्टरला म्हणाले असते, घाला सुरी."

दादू चावी घेऊन जिना चढला आणि डबा घेऊन आला.

असे चमत्कार पुढेही होतील. बाटलीचा रंग बदलेल, महाराजांचं नाव बदलेल. विज्ञानाची पदवी नसली तरी चालेल, एवढंच करावं: महाराज जे तीर्थ टाकून करतात, तेच तीर्थाशिवाय करून बघावं. आणि गेलं म्हणतात, ते खरंच गेलं का, ते पुन्हा तपासावं. आणि जो कोणी डॉक्टरने दिलेली गोळी बंद करायला सांगेल, त्याला फाटकाच्या आत घेऊच नये.

बस हायवेला लागली, तशी मागच्या सीटवरून सोसायटीतलीच चंपा पुढे वाकली. तिच्याकडेही दोन बाटल्या होत्या. "मग शकु, आता पाच दिवस कसं करायचं गं? प्रत्येक घरात पान वाढणार."

"मासे खायचे, सोलकढी प्यायची," काकी म्हणाली. "आणि घावन आलं की नको म्हणायचं."

"आणि वहिनीने ऐकलं नाही तर?"

"तर दुसऱ्यांदा नको म्हणायचं," काकी म्हणाली आणि गोळी काढून पाण्याबरोबर घेतली.