जनकाबाईची सीडी माझ्या तोंडात अडकली तेव्हा

मी सीडी ड्राइव्ह बोलतोय. बोलतोय म्हणजे खरं तर घरघरतोय. दुसरं काही मला कधी जमलंच नाही. कॉम्प्युटरच्या डब्याला पुढच्या बाजूनं एक सपाट तोंड असतं ना, बटण दाबलं की जीभ बाहेर काढणारं, तो मी. जिभेवर सीडी ठेवा, मी ती गिळतो, आतल्या लाल डोळ्यानं वाचतो आणि वाचलेलं कॉम्प्युटरला सांगतो. समजत मात्र काडीचं नाही. घोकंपट्टी करून पास होणारे असतात, त्यांच्यातलाच मी.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. शुद्धीवर आलो तो वसमतला, बसस्थानकासमोर, धम्मानंदच्या दुकानात. आधी तिथं कॅसेटी भरून मिळायच्या. २००४ च्या सुमारास त्यानं कॅसेटींची मांडणी उतरवली, कॉम्प्युटर आणला आणि पाटी लावली : ‘सीडीची गाणी एमपीथ्री करून मिळतील’. माझ्या कपाळावर ५२ असा वेगाचा आकडा छापलेला होता. त्या जोरावर मी स्वतःला शर्यतीचा घोडा समजायचो. प्रत्यक्षात भरवेगात आलो की टेबलासकट थरथरायचो आणि गिऱ्हाईक विचारायचं, “गिरणी लावली का काय?”

आता हे एमपीथ्री म्हणजे काय, ते मी तिथंच ऐकून ऐकून शिकलो. सीडीवरचं गाणं जागा फार खातं. त्यातलं कानाला सहसा जाणवणार नाही ते काढून टाकायचं आणि उरलेलं दाबून बसवायचं. किती दाबायचं, तो आकडा आपल्या हातात. आकडा मोठा, तर आवाज भरदार आणि गाणी थोडी. आकडा लहान, तर गाणी ढीगभर आणि आवाज पिचका. धम्मानंदनं चौसष्टचा आकडा लावून ठेवला होता आणि पुन्हा कधी तो हलवला नव्हता. त्याचा तरी काय दोष! गिऱ्हाईक एकच विचारायचं, “किती बसतील?” कशी वाजतील, हे कुणी विचारलंच नाही. गाडीत कापूस तुडवून भरतात, तशी आम्ही गाणी भरायचो. मीही खूश होतो. भरभर गिळायचं, भरभर ओकायचं. सीडीवर ओरखड्याचा चरा असला आणि तिथं वाचता आलं नाही तर अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचं.

२००६ च्या उन्हाळ्यात साखरा गावचे नरसिंग दुकानात आले. बरोबर त्यांची बायको जनकाबाई आणि मुलगी आकांक्षा. आकांक्षाला पुण्यात नोकरी लागली होती. वसमतला मावशीचा निरोप घेऊन ती संध्याकाळच्या गाडीनं निघणार होती. जनकाबाई बुद्धविहारात गायच्या, नरसिंग ढोलकी वाजवायचे. नांदेडला एकदा दोघांची सीडी निघाली होती. पुढं जनकाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ओठाशी कान नेला तर कुजबूज ऐकू यायची, तेवढीच. सीडीची एकच प्रत उरली होती आणि तीही राखेनं घासल्यासारखी.

आकांक्षानं बोटाएवढा प्लेअर पुढं केला. “दादा, यात आईची गाणी टाका. जागा थोडीच राहिलीय. उरलेल्यात बसवा.”

“बसतात की!” धम्मानंद म्हणाला. “आत्ता करून देतो.”

मी जीभ काढली, सीडी गिळली आणि सुटलो. चरे आले, थापा मारल्या, पुढं पळालो. धम्मानंदनं पहिलं गाणं लावलं.

नरसिंग पुढं वाकले. “हे काय वाजून राहिलं? माझी ढोलकी हाय का पत्र्याचा डबा?”

जनकाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मग त्यांनी मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं.

“काय म्हणली?” नरसिंगांनी विचारलं.

“आई म्हणते, ही बाई कोण गाऊन राहिली?”

धम्मानंदनं गाणं बंद केलं. माझं फिरणंही थांबलं. दोष त्या आकड्याचा जितका, तितकाच माझा होता. पण मला लाजायलासुद्धा तोंड एकच, आणि ते मिटलेलं.

“एकशे ब्याण्णववर करू,” धम्मानंद म्हणाला. “अन् ह्याचा वेग पार कमी करतो, म्हणजे चरे नीट वाचील. पण येळ लागंल, अन् चारला लाइट जाते. दुसरं, तुमच्या प्लेअरात मावायचं न्हाई. आधीच भरलाय.”

आकांक्षा प्लेअरकडं बघत राहिली. सिनेमाची गाणी तिनं आवडीनं गोळा केली होती. “ती काढून टाका,” ती म्हणाली.

“समदी?”

“व्हय. ती कुठंबी मिळतील.”

मग शर्यतीच्या घोड्याला घाण्याला जुंपलं. गोगलगाय बरी, अशा चालीनं मी फिरू लागलो. चरा आला की पुन्हा मागं, पुन्हा वाच. आयुष्यात पहिल्यांदा मी काही लक्ष देऊन वाचलं. शेवटचं गाणं चालू असताना पंखा थांबला. लाइट गेली. टेबलाखालची बॅटरी टुंटुं करू लागली. धम्मानंदनं घाईघाईनं गाणी प्लेअरात उतरवली आणि बटण दाबलं.

मी तोंड उघडेना.

एवढं सगळं धड करून ऐनवेळी माझी दातखीळ बसली! जनकाबाई उठून उभ्याच राहिल्या. “काहून अडली? तुटंल का हो?” नरसिंग विचारत होते. तेवढ्यात बॅटरीही संपली.

“पिन हाय का पिन?” धम्मानंद म्हणाला.

जनकाबाईंनी बांगडीला अडकवलेली पिन काढून दिली. धम्मानंदनं ती सरळ केली आणि माझ्या हनुवटीवरच्या बारीक भोकात खुपसली. कण्हत कण्हत माझी जीभ बाहेर आली. सीडी शाबूत होती.

मग मायलेकी बाकड्यावर बसल्या. प्लेअरच्या वायरीचं एक टोक आईच्या कानात, एक मुलीच्या. जनकाबाईंचे ओठ हलू लागले. गाण्यातली बाई जिथं श्वास घ्यायची, तिथं त्यांचीही छाती भरून यायची. नरसिंगांना काहीच ऐकू येत नव्हतं, तरी त्यांची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती, आणि तो बराबर पडत होता.

पुढं माझा डोळा अधू झाला. धम्मानंदनं मला काढून चार्जरांच्या खोक्यात टाकलं. आता मला काही वाचता येत नाही, पण कान शाबूत आहेत. परवा नरसिंग दुकानात आले होते.

“फोनवर जनकीचं बोलणं पोरीला ऐकू जात न्हाई,” ते सांगत होते. “मंग पोरगीच तिकडून आईची गाणी म्हणते. जन्मात कधी गायली न्हाई, पण ऐकून ऐकून शिकली. चुकली का ही इकडून मोबाइलवर नखानं टकटक करते. पोरगी ती ओळ पुन्हा घेते.”

“अन् बराबर म्हणली तर?” धम्मानंदनं विचारलं.

“तर काय न्हाई. डोळे मिटून ऐकत बसते.”

दारात भंगारवाला आलाय; मला निघायला हवं. तुमच्या पेटीत कुणाच्या आवाजाची एखादी सीडी पडली असेल, तर ती घेऊन लवकर धम्मानंदकडं या. इथला नवा ड्राइव्ह माझ्यापेक्षा शहाणा आहे. निदान तो स्वतः तरी तसं समजतो.