वायफायच्या डब्यावरचा आळ

मी वायफायचा डबा बोलतोय. खोक्यावर माझं नाव राउटर असं छापलं होतं, पण ह्या घरात त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मानाची जागा मिळेल. मिळाली ती टीव्हीच्या कपाटावर, कापडी फुलांच्या मागे. दिसायला बरा नाही म्हणून आईंनी वर क्रोशाचा रुमालही घातला. घरात काहीही अडलं की बाबा मला बंद करून पुन्हा चालू करतात. रिमोटचे सेल संपले होते, तेव्हाही हेच.

महिन्यापूर्वी घरात सून आली. बोलणं बेताचं. नणंद म्हणायची, "वहिनी, तुझा आवाज ऐकायला रिचार्ज मारावा लागतो का गं?"

त्या दिवशी चार वाजता तिची मुलाखत होती, घरच्या कॉम्प्युटरवरून. लग्नासाठी आधीची नोकरी सुटलेली. ही तिला हवीच होती. दुपारी तिने व्हिडिओ कॉल लावून पाहिला तर चित्र थिजलेलं, आवाज तुटक. कॉम्प्युटरने सकाळीच अपडेट घेतलं होतं, पण आळ माझ्यावर.

"हा डबाच गेलाय," बाबा म्हणाले. "नवीन घेऊन येतो."

"बाबा, थोडं थांबता?" सून म्हणाली. "आधी सगळ्यांचं नेट बंद करू. मग एकेक चालू करून बघू."

बाबांची मॅच रंगात आलेली, नणंदेचं मैत्रिणीशी फोनवरचं भांडण अर्ध्यात. आणि नव्या सुनेचं हे पहिलंच फर्मान.

"ऐकलंत ना? करा बंद," आई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही मागतेय ती."

टीव्ही गेला, फोन गेले. मग तिने फक्त आपला मोबाइल जोडला. तो धावत सुटला. कॉम्प्युटर जोडला, आणि मोबाइल लंगडू लागला. इतक्या वर्षांत शिक्षेआधी चौकशी करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

ती कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरली. अपडेटने फोटो ऑनलाइन साठवायची सोय परस्पर चालू केली होती. लग्नाचे सगळे फोटो आणि लांबलचक व्हिडिओ सकाळपासून वर चढत होते. अख्खं लग्नघर माझ्या डोक्यावरून चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

"कुठवर पोचलंय?" नणंदेने विचारलं.

"तुझे काका जेवायला बसलेत."

"मग संध्याकाळपर्यंत उठत नाहीत."

"पुसले जाणार नाहीत ना गं?" आईंचा जीव फोटोंत.

"नाही आई. नुसते थांबवलेत."

चारला तिने दार लावून घेतलं. बाहेर बाबांनी मॅचचं नाव काढलं नाही. आत ती बोलत होती. आपलं काम, त्यातल्या चुका, एका प्रश्नाला सरळ "हे मला येत नाही, पण शिकेन." घराने महिनाभरात ऐकलं नव्हतं, तेवढं अर्ध्या तासात माझ्यातून गेलं.

नोकरी मिळाली. आता रोज सकाळी ती कामाला बसते आणि मी राबतो. माझंही वय झालंय. कधीतरी खरोखरच बंद पडेन. तेव्हा खुशाल टाकून द्या. फक्त त्याआधी तिच्यासारखी एकदा चौकशी करा. आणि त्या दुपारी मी तिचा एकही शब्द अडू दिला नाही, एवढं लक्षात असू द्या.